हजेरीपट आणि कोयता

मराठीत 'हजेरी घेणे' या प्रयोगाचे दोन अर्थ आहेत. उपस्थितांची नावे पुकारून नोंद करणे हा एक, आणि एखाद्याला चांगले खडसावणे हा दुसरा. हे दोन अर्थ योगायोगाने शेजारी आलेले नाहीत. अरबी-फारसीतून दरबार आणि लष्कराच्या वाटेने आलेला हा शब्द जिथे जिथे रुळला, तिथे नाव पुकारणारा वरच्या पायरीवर आणि 'हजर' म्हणणारा खालच्या पायरीवर उभा होता. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर शिक्का मारला त्यांना १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. 'उचल्या' किंवा 'उपरा' वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मस्टरवर लागते आणि तिच्यावर आठवड्याची मजुरी ठरते. तिसरी हजेरी शाळेची. दरिद्री घरातल्या माणसाला या तिन्ही हजेऱ्या ठाऊक असतात, आणि पहिल्या दोहोंचा अनुभव तिसरीकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत उतरलेला असतो. 'मुलांनी शाळेत रोज यावे' हे साधे, निर्विवाद वाटणारे वाक्य आपल्याकडे गेली सुमारे एकशेचाळीस वर्षे कोण कोणाला म्हणत आले, हे तपासायला आम्ही बसलो त्याचे कारण हेच.

या शब्दकुळातला आणखी एक शब्द घेऊ. 'उचलबांगडी' हा शब्द आज आपण अधिकाऱ्याच्या तडकाफडकी बदलीसाठी वापरतो. मुळात हातपाय धरून उचलून नेण्याचा हा प्रकार, आणि पंतोजींच्या शाळेत न येणाऱ्या पोराला चार दांडगी पोरे पाठवून अशीच उचलून आणण्याची चाल होती. म्हणजे नियमित उपस्थितीचा आग्रह इंग्रजी अमदानीने आणला हे खरे नाही. पंतोजीचे पोट मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर आणि पैशांवर अवलंबून होते. मूल आले नाही तर त्याचा तोटा होता. इंग्रजी अमदानीने आणला तो पट. मूल कोणत्या तारखेला आले आणि कोणत्या तारखेला आले नाही याची लेखी, तपासता येण्याजोगी नोंद, आणि त्या नोंदीवर अनुदान, शिक्षकाचा पगार, शाळेचे असणे-नसणे ठरवणारी यंत्रणा. तेव्हापासून दोन शाळा अस्तित्वात आल्या: पटावरची आणि वर्गातली. पुढचा सारा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

हा इतिहास पुण्या-मुंबईच्या अंगाने पुष्कळदा लिहिला गेला आहे. आम्हाला तो विसरवाडीच्या अंगाने पाहायचा आहे. धुळ्याहून सुरतेला जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरून खाली आला की हे गाव लागते. पुढे साधारण वीस किलोमीटरवर नवापूर, आणि नवापूरला लागूनच गुजरातची हद्द. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आता पर्यटकांनाही माहीत झाले आहे. हा मुलूख १८१८ नंतर मुंबई इलाख्याच्या खानदेशात होता, १९०६ पासून पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९३५ च्या कायद्यानुसार जे भाग 'अंशतः वगळलेले' म्हणून जाहीर झाले त्यांत नवापूर पेटा होता. वगळलेले म्हणजे सर्वसाधारण कायदे जिथे आपोआप लागू होत नाहीत असे. मावची, कोकणा, भिल्ल, गावित अशा समाजांची ही वस्ती. नावातच 'विसर' असलेल्या गावाच्या निमित्ताने स्मरणाची उठाठेव करावी हा गमतीचा भाग. गावाच्या नावाची व्युत्पत्ती आम्ही सांगत नाही आहोत.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी आहे. पाठ्यपुस्तकांत एवढेच येते. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. खेड्यांतली मुले शाळेत का येत नाहीत याचे कारण फुले आळस किंवा अज्ञान असे देत नाहीत. घरच्या पराकाष्ठेच्या दारिद्र्यामुळे गुरे राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला ती लागतात, असे ते सांगतात. आणि म्हणून केवळ शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसे देऊन आईबापांना प्रवृत्त करावे लागेल, असे सुचवतात. सक्ती हवी आणि सक्तीची किंमतही कोणीतरी मोजली पाहिजे, हे दोन्ही विचार एकाच कागदावर एकाच माणसाने मांडले होते. पुढच्या सुधारकांनी आणि सरकारांनी यातला कधी एक उचलला, कधी दुसरा.

विसरवाडीपासून सर्वांत जवळ जो प्रयोग झाला तो इंग्रजी हद्दीत झालाच नाही. नवापूरची सीमा ओलांडली की पलीकडचे सोनगड बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले आणि वयाच्या बाराव्या वर्षी, अक्षरओळखही नसताना, दत्तक म्हणून बडोद्यास गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८८० च्या दशकातच सोनगडला धाणका व इतर वन्य जमातींच्या मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली. मुले राहायची, जेवायची, शेतीकाम शिकायची. ज्यांची घरे पाड्यांवर विखुरलेली आहेत आणि ज्यांच्या घरी दिवसा माणूस सापडत नाही, त्यांना शाळेत रोज आणायचे तर शाळेतच ठेवले पाहिजे, हा तिच्यामागचा हिशेब. पुढे महाराष्ट्रात आश्रमशाळा म्हणून जे रूप सर्वदूर झाले त्याची एक पूर्वज शाळा सोनगडची आहे, असे म्हणायला आम्हाला अडचण वाटत नाही.

त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. सात ते बारा वर्षांचे मुलगे, सात ते दहा वर्षांच्या मुली. न पाठवल्यास आईबापांना दंड. मुलींचे वय दोन वर्षांनी आधी संपते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दंड वसूल होत गेला आणि त्यावर टीकाही होत गेली: कारण दंड भरतो कोण, तर ज्याला मुलाच्या श्रमाची गरज आहे तोच. म्हणजे मूल घरी ठेवण्याइतका जो गरीब, तो दंडाने आणखी गरीब.

गोखल्यांनी बडोद्याचा हा दाखला केंद्रीय कायदेमंडळात दिला. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले आणि मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मराठी वाचकाला हा पराभव सरकारच्या आडमुठेपणाचा म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा होताही. पण विधेयक संमत झाले असते तर विसरवाडीला काय मिळाले असते? गोखल्यांची योजना सावध होती. जिथे शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत तिथेच स्थानिक संस्थेला सक्ती लागू करता यावी, अशी अट तिच्यात होती. १९१० च्या भाषणात त्यांनी हे प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत ३३ टक्के सुचवले होते. जिथे मुले येत होती तिथे सक्ती येणार, जिथे येतच नव्हती तिथे नाही. राजकारणी म्हणून गोखल्यांचा व्यवहार आम्ही समजू शकतो. एवढी अट असूनही विधेयक पडले हेही खरे. पण नवापूर पेट्यासारखे मुलूख त्या योजनेच्या बाहेरच राहिले असते. १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई इलाख्यातला कायदा तर नगरपालिकांपुरताच होता. खेड्यांसाठी १९२३ आणि नंतर १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा यावा लागला.

शाहू महाराजांनी हा सावधपणा बाजूला ठेवला. १९१७ साली करवीर संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. हा एक रुपया आपण लक्षात ठेवू, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता साहित्याकडे वळू, कारण कायद्याची दुसरी बाजू तिथेच नोंदली गेली आहे. शाहू ज्या कागलकर घाटग्यांच्या घराण्यात जन्मले, त्या कागल गावात १९३५ साली आनंद यादवांचा जन्म झाला. 'झोंबी' ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ ची. सक्तीच्या हुकुमाला पाव शतक उलटून गेलेले असताना त्याच मुलखात एक बाप मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, आणि आई व मुलगा मिळून गावच्या वजनदार माणसाकरवी बापाला राजी करतात. त्या तडजोडीच्या अटी वाचताना आम्हाला नेहमी वाटते की शैक्षणिक इतिहासाच्या कोणत्याही अहवालापेक्षा त्या अधिक अचूक आहेत. सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत मळ्यात काम, शाळेतून आल्यावर गुरे चारणे, आणि शेतात कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा बुडवणे. म्हणजे पोराचे शिक्षण मान्य होते ते गैरहजेरीच्या कलमासकट. कायद्यातल्या 'सक्ती' या शब्दाने घरातल्या या वाटाघाटीला स्पर्शही केलेला नाही. मात्र त्या मुलाला वर्गात कवितेची गोडी लागली ती तो पुन्हा रोज जाऊ लागल्यावर. सलग वर्गात बसल्याशिवाय मास्तरांच्या चालीवर आपली चाल बसवण्याचा खेळ त्याला सापडला नसता.

'बनगरवाडी' याहून जवळची, कारण तिथे प्रश्न एका घराचा नसून सबंध वाडीचा आहे. औंध संस्थानातल्या धनगरवाडीत नवखा मास्तर येतो आणि त्याला शाळा आहे पण मुले नाहीत असे दिसते. मुले मेंढरांमागे आहेत. मास्तर घरोघर फिरतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, हळूहळू वर्ग भरतो. आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी ओस होते. १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या कादंबरीवर आपल्याकडे वातावरण, प्रादेशिकता, निवेदकाचा तटस्थपणा या अंगांनी विपुल लिहिले गेले. ती हजेरीची कादंबरी आहे, असे वाचन आमच्या पाहण्यात फारसे नाही. मास्तराने जे जे करायला हवे ते सारे केले, लोकांनी साथ दिली, राजाचा आशीर्वाद होता, आणि तरीही पट कोरा झाला. कारण पाणी गेले आणि पाण्यामागे माणसे गेली. माडगूळकरांनी यात कोणालाही दोषी धरलेले नाही. शिक्षण खात्याच्या कोणत्याही परिपत्रकाला हे जमलेले नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या १९४७ च्या कायद्यात पालकाला समज, मग हजेरीचा हुकूम, मग दंड, अशी पायरी होती. आदिवासी भागात तिचा वापर किती होणार हे उघड होते. तिथे सरकारने सोनगडचा मार्ग धरला. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांचा विस्तार झाला, आणि आज नवापूर तालुक्यात शिकलेली जी पिढी शिक्षक, परिचारिका, तलाठी म्हणून दिसते तिच्यातले पुष्कळजण तिथून बाहेर पडले. त्या शाळांच्या हालअपेष्टांवर लिहिले जाते ते योग्यच. पण मूल वर्षभर एका जागी राहिले ही गोष्ट त्या शाळांनी साधली, आणि तिचे मोल कमी नाही. तिची किंमतही मोठी: सहा वर्षांचे मूल आईपासून तोडावे लागते. रोज शाळेत येण्यासाठी रोज घरी जाणे सोडावे लागते.

जी मुले घरी राहिली त्यांचे काय, हे समजायला दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यात सुरू होते. पावसाळा आहे, घरचे माणूस घरी आहे, भात-नागलीची कामे आहेत. पटावर नावे चढतात, वर्ग बऱ्यापैकी भरतो. मग दिवाळीची सुटी. त्याच सुमारास दक्षिण गुजरातेतले साखर कारखाने पेटतात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांतून ट्रक भरून माणसे बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोली परिसरातल्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर जो दीर्घ निबंध प्रसिद्ध केला त्यात या व्यवस्थेचे तपशील आहेत. मजुरांची गणती माणशी होत नाही, 'कोयत्या'ने होते. एक कोयता म्हणजे तोडणारा पुरुष, मोळी बांधणारी त्याची बायको, आणि बहुधा हाताशी एक पोर. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती कोयत्यावर घेतलेली असते. पोर त्या हिशेबात आधीच धरलेले आहे. खुद्द नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तरी सीमेपलीकडची ही वाट बंद झाली नाही.

उसाचा हंगाम संपतो उन्हाळ्यात. मधे होळीला माणसे गावाकडे येतात. सातपुड्यात काठीची होळी असो की आणखी कुठली, त्या सणाला परगावी राहणे कोणाला मानवत नाही. जी कुटुंबे ऊसतोडीला गेलीच नाहीत त्यांच्याकडे याच दिवसांत मोहाची फुले वेचायची असतात. मोहाचे फूल रात्री उशिरा गळू लागते आणि पहाटेपासून वेचावे लागते. ऊन चढेपर्यंत गुरे किंवा रानटी जनावरे ते खातात. वेचणाऱ्यांत लहान हात कामाचे. आणि नेमके मार्चच्या मध्यापासून, उन्हाचा त्रास नको म्हणून, जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. उन्हाची काळजी करणाऱ्या माणसाला मोहाची वेळ माहीत असती तर हे असे झाले नसते. मुलांच्या भल्यासाठी ठरवलेले वेळापत्रक मुलांच्या दिवसाशी असे आदळते, आणि मग पटावर ओळीने 'गै' लागत जातो.

असा चार-पाच महिन्यांचा खंड शहरातल्या मुलाला पडला तरी वाईटच. पण विसरवाडीच्या बाजूला तो अधिक खोल जातो, आणि याचे कारण भाषेत आहे. घरात मावची बोलली जाते किंवा कोकणी-कुकणा; बाजारात अहिराणी आणि गुजराती; मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये निघालेल्या भिल्ल भाषांच्या खंडात मावचीची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे या मुलांची मायबोली प्रमाण मराठी नाही हे सरकारदप्तरी शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. पुण्यातले मूल शाळेत गेले नाही तरी त्याचे मराठी घरी, रस्त्यावर, दूरचित्रवाणीवर चालूच असते. त्याचे गणित मागे पडेल, भाषा पडणार नाही. मावची बोलणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला मराठी सलग ऐकायला मिळते ती वर्गात आणि जवळजवळ वर्गातच. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत ती भाषा कानात बसू लागते. मास्तरांची सूचना कळते, गोष्टीतला कोल्हा आणि आपल्या रानातला कोल्हा एकच हे समजते, वाक्याच्या शेवटचे क्रियापद आधीच ओळखता येऊ लागते. आणि नेमक्या त्या जागी धागा तुटतो. बारडोलीच्या फडावर तिच्या कानावर गुजराती पडते. होळीनंतर ती वर्गात येते तेव्हा पुस्तक पंधरा धडे पुढे गेलेले असते आणि ती पाच महिने मागे. दुसऱ्या वर्षी पुन्हा हेच. चौथीत गेलेले मूल वाचू शकत नाही याचे आश्चर्य आपण व्यक्त करतो. मोजून पाहिले तर ते चार वर्षे शिकलेलेच नसते, चार पावसाळे शिकलेले असते.

नियमित उपस्थितीचे महत्त्व ते हेच. एखादा दिवस बुडाला तर एक धडा बुडतो असा सरळ हिशेब प्राथमिक शाळेत नसतो. हातचा घेणे कळले नाही तर वजाबाकी अडते, वजाबाकी अडली की भागाकार अडतो. जोडाक्षर चुकले की पुढचे प्रत्येक पान चुकते. आणि मागे पडलेल्या मुलाला वर्गात बसणे हाच अपमान वाटू लागतो, तेव्हा ते घरच्यांनी न सांगताही गुरांमागे जाते. शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांनी भिलोरीत आणि मराठीत लिहिले, 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ मध्ये आला. दोन भाषांत वावरण्याचे हे बळ सर्वांना येत नाही. आणि ज्यांना आले असते अशांतले किती वर्गाच्या दाराशी पोहोचून परतले, याची गणती कोणत्याही वाङ्मयेतिहासात होणार नाही.

सरकारने काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. दंडाचा मार्ग सोडून विसाव्या शतकाच्या अखेरीस फुल्यांच्या निवेदनातला दुसरा विचार धोरणात आला. १९९५ मध्ये शालेय पोषणाची केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न नव्हते. महिन्याला तीन किलो धान्य मिळे आणि त्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट होती. म्हणजे ज्या घरात दाणा नाही म्हणून मूल कामाला जाते, त्या घराला दाणा मिळण्यासाठी मूल कामाला गेलेले चालणार नव्हते. शिक्षकांनी अनेक ठिकाणी हजेऱ्या सढळ हाताने लावल्या असतील तर त्यात माणुसकी किती आणि लबाडी किती, हे आम्ही ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि ही अट निरर्थक झाली. ताटात वाढलेली खिचडी जो आला त्यालाच मिळते. तिला पटाची गरज नाही. उपस्थितीसाठी आजवर झालेल्या साऱ्या उपायांत आम्हाला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणि तो एक रुपया. १९९२ पासून महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना होती; वर्षाला फार तर २२० रुपये. तीस वर्षे हा दर बदलला नाही. शाहूंच्या काळातला दंडाचा एक रुपया महिन्याला होता आणि तो गरिबाला जड होता. आपल्या काळातला बक्षिसाचा एक रुपया रोजचा होता, आणि त्याला गोळीही येईनाशी झाली होती. दोन्ही रुपयांच्या मधे पाऊण शतक, आणि रुपयाचे किती अवमूल्यन झाले ते सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि पटावरची शाळा व वर्गातली शाळा यांतले अंतर उघड्यावर आले. कित्येक ठिकाणी नावे होती, मुले नव्हती. वर्तमानपत्रांनी संस्थाचालकांवर कोरडे ओढले ते रास्त होते. पण त्या गदारोळात खोटी नावे आणि गेलेली मुले यांत कोणी फरक केला नाही. जे मूल जन्मालाच आले नाही त्याचे नाव पटावर असणे हा गुन्हा; जे मूल उसाच्या फडावर आहे त्याचे नाव पटावर असणे हा त्याचा हक्क.

हा हक्क १ एप्रिल २०१० पासून कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्यातली 'सक्ती' या शब्दाची व्याख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे, कारण तिथे एका शब्दाचा कर्ता बदलला आहे. सक्तीचे शिक्षण म्हणजे मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे यांची खातरजमा करण्याचे शासनावरचे बंधन. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, त्याला दंड सांगितलेला नाही. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा चालली पाहिजे. उपस्थितीबद्दल पालकांशी बोलणे हे शिक्षकाचे काम. बडोदे आणि करवीरच्या हुकुमांत हजेरी द्यायची होती ती रयतेने. इथे ती द्यायची आहे राज्याने. 'हजेरी घेणे' या प्रयोगाला तिसरा अर्थ येण्याची शक्यता या व्याख्येत आहे. अद्याप तो कोशात गेलेला नाही.

शाळेने कामाच्या पंचांगापुढे थोडे वाकावे, ही कल्पना काही अव्यवहार्य नाही. इंग्लंडात १८८० मध्ये उपस्थिती सक्तीची झाली, तरी केंट परगण्यात हॉप्सच्या तोडणीच्या वेळी शाळाच बंद ठेवल्या जात, कारण उघड्या ठेवून उपयोग नव्हता. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुटीला अजून बटाट्याची सुटी म्हणतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. नर्मदेकाठच्या बुडितातल्या गावांत १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा निघाल्या, त्यांत गावचेच तरुण पावरी आणि भिलोरीतून शिकवू लागले. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलाच्या हातात द्यायचे शिक्षण हमी कार्ड, असे प्रयत्न पुढे होत आले. यांतला एकही उपाय नंदुरबारच्या सबंध सीमेला पुरला नाही. विशेषतः राज्याची हद्द ओलांडली की मराठी शाळेचे मूल गुजरातीच्या वर्गात बसणार कसे, हा पेच तसाच राहिला. हंगामी वसतिगृहाने मात्र एक बरे केले: मूल आजीपाशी गावात राहते आणि वर्गात येते, आईबाप गेले तरी भाषा तुटत नाही.

शेवटी एक सूचना, ती महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आमच्या वाचकांसाठी. शाळांचे जनरल रजिस्टर कायम जपायचे दप्तर असते. त्यात शेवटचा रकाना 'शाळा सोडल्याचे कारण' असा आहे, बोटभर रुंदीचा. कोणत्याही जुन्या शाळेत तो वाचत जावे. 'पालकाच्या विनंतीवरून', 'परगावी गेल्याने', आणि पानापानांवर, एकाच वळणाच्या अक्षरात, 'सतत गैरहजर'. केंटच्या शाळांच्या रोजनिशांवरून तिथल्या अभ्यासकांनी हॉप्सच्या तोडणीचा इतिहास लिहिला. आपल्याकडे दुसरी वहीही शोधावी लागेल, ती मुकादमाची. तिच्यात कोयत्यांची नावे आहेत, कोणी किती उचल घेतली ते आहे, आणि कोणता कोयता किती दिवस फडावर होता तेही आहे. शाळेच्या पटावर जे दिवस कोरे आहेत, ते बहुधा तिथे भरलेले सापडतील.